एकदा जाऊन या, सर

‘शिफारस’ हा शब्द आमच्या खात्यात फारशा चांगल्या अर्थाने उच्चारला जात नाही. बदली व्हावी म्हणून शिफारस, झालेली बदली रद्द व्हावी म्हणून शिफारस, भाच्याला प्रवेश मिळावा म्हणून शिफारस. तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत या जातीच्या इतक्या चिठ्ठ्या आमच्या टेबलावरून गेल्या, की हा शब्द कानी पडताच आमचा हात आपोआप चष्म्याकडे जातो आणि चेहरा गंभीर होतो. परंतु कचेऱ्यांतून आणि शाळांतून आणखी एका जातीची शिफारस चालत असते. तिला कागद लागत नाही, शिक्का लागत नाही, जावक क्रमांक लागत नाही. चहाचा पेला हातात असताना ती सहज केली जाते आणि पेला रिकामा होण्यापूर्वी करणारा ती विसरूनही जातो. “सर, तिथली कचोरी एकदा खाऊन पाहा.” “सर, मांडूला जायचे तर पावसाळ्यातच जा.” “सर, ते गाणे रात्री ऐका, दिवा मालवून.” शिफारस करणाऱ्याला त्यातून काही मिळायचे नसते. आपल्याला जे आवडले ते दुसऱ्याच्याही वाट्याला यावे, एवढाच त्याचा स्वार्थ. या बिनशिक्क्याच्या शिफारशींविषयी चार शब्द लिहावेत असे फार दिवस मनात होते. त्यांतील एका शिफारशीचे ऋण आमच्यावर राहून गेले आहे, हेही त्याचे एक कारण.

२०१८ च्या जूनमध्ये आमची बदली इंदूरला झाली. बदली कसली, ते घरी परतणेच होते. आमचा जन्म रामबागेतला. शिक्षण इंदुरातच झाले. पुढे नोकरीने खरगोन, झाबुआ असे फिरवले आणि पन्नाशीच्या सुमारास पुन्हा जन्मगावी आणून सोडले. शाळा मात्र शहराच्या ज्या भागात मिळाली, त्या भागात आम्ही बालपणी फारसे कधी गेलोच नव्हतो. गिरण्यांची वस्ती ती. गिरण्या केव्हाच थंडावलेल्या, चाळी मात्र तशाच उभ्या.

पहिल्याच आठवड्यात आम्ही मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत चहाला गेलो. मुख्याध्यापकाने आपल्या खोलीतच चहा घ्यावा असा संकेत आहे खरा, पण एकट्याने प्यायलेला चहा हा काढ्याच्या जवळपास जातो असे आमचे मत आहे. आम्ही बाहेरगावाहून आलो आहोत अशी मंडळींची समजूत. त्यामुळे बसल्या बसल्या शहराचे दर्शन सुरू झाले. सराफ्यात अमुक खा, रंगपंचमीला गेर चुकवू नका, लालबागचा राजवाडा सवडीने पाहा. आम्ही थोड्या तोऱ्यात सांगितले, की आम्ही इथलेच आहोत, रामबागेतले. क्षणभर शांतता पसरली. मग गणिताचे शिक्षक आदराने म्हणाले, “फिर तो सर, आपको सब मालूम होगा.”

आम्ही मान डोलावली. ती मान खोटे बोलत होती, हे आम्हाला त्याच संध्याकाळी घरी परतताना जाणवले. त्यांनी सांगितलेल्या दहा गोष्टींपैकी सात आम्ही कधी पाहिल्या वा चाखल्या नव्हत्या.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या वाचकांना याचे कारण निराळे सांगायला नको. बेळगाव असो, बडोदे असो वा ग्वाल्हेर, आपल्या माणसांनी प्रत्येक गावात एक आपले गाव वसवले आहे. हिंदी बोलणारे जग ज्याला ‘इंदौर’ म्हणते, त्याच्या पोटात आमचे ‘इंदूर’ होते. त्या इंदुरात महाराष्ट्र साहित्य सभा होती, गणेशोत्सवातील व्याख्याने होती, मुंबई-पुण्याहून येणारी नाटके होती, मेतकूट नि भाजणी मिळणारे एक दुकान होते आणि एकमेकांची पत्रिका जुळवणारी चार वडीलधारी माणसे होती. त्या गावाला वेस नव्हती, पण ती ओलांडण्याचे कारणही पडत नसे. आमचे वडील चाळीस वर्षे सरकारी दप्तरात होते. त्यांच्या कचेरीतील मंडळीही त्यांना काहीबाही सुचवीत असणारच. “जाऊ कधीतरी” हे त्यांचे ठरलेले उत्तर होते. तेच वाक्य वारशाने आमच्याकडे आले.

तरीही शाळेतील मंडळींनी आमचा नाद सोडला नाही. एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. माणूस शिफारस कशाची करतो यापेक्षा ती कशी करतो, यावरून त्याचा स्वभाव अधिक कळतो. गणिताच्या शिक्षकांची शिफारस म्हणजे एक सुटलेले उदाहरण. कोणत्या गल्लीतून शिरायचे, कितव्या दुकानासमोर थांबायचे, किती वाजेपर्यंत पोहोचायचे, सारे पायरीपायरीने. विज्ञानाच्या तरुण शिक्षिका महेश्वरच्या साडीविषयी सांगू लागल्या, की तिच्या किनारीवर नर्मदेच्या घाटाच्या पायऱ्या आणि लाटा कशा उतरल्या आहेत तेही आपल्याच पदराच्या काठावर दाखवीत. संस्कृतचे शास्त्रीजी शिफारस अशी करत नसतच. “मी काही सांगत नाही, पण जो तिथे गेला नाही त्याने आपले वय उगाच मोजू नये,” एवढेच म्हणून ते पान लावू लागत. आणि शाळेचे बडे बाबू, ज्यांच्याविषयी पुढे लिहायचे आहे, ते दर वेळी शेवटी हळूच म्हणत, “सर, एक बार हो आइए.” एकदा जाऊन या, सर.

पहिल्यांदा आम्ही हरलो ते पोह्यांच्या बाबतीत. आमच्या घरचे पोहे म्हणजे मोहरी-हिंगाची फोडणी, शेंगदाणे, कोथिंबीर, ओले खोबरे आणि लिंबाची फोड. शहराचे पोहे निराळे. ते उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेवर ठेवलेले असतात, त्यांत बडीशेप असते, वर शेव, कच्चा कांदा आणि जिरावन नावाचा खमंग मसाला, आणि सोबत गरम जिलबी. पोह्यांवर शेव आणि शेजारी जिलबी हा प्रकार आमच्या घरात पन्नास वर्षे थट्टेचा विषय होता. गणिताच्या शिक्षकांनी एका सकाळी आम्हाला शाळेपूर्वी गाठून एका हातगाडीसमोर उभे केले. पहिला घास आम्ही परीक्षकाच्या वृत्तीने घेतला, दुसरा परीक्षार्थीच्या आणि तिसऱ्या घासाला आमचा निकाल लागला होता. घरी जाऊन हे सांगण्याचे धैर्य मात्र आम्हाला आठ दिवस झाले नाही. सांगितल्यावर आमच्या सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, “मी कॉलेजात असताना रोज खात होते.” तीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट आम्हाला प्रथमच कळली.

सराफ्याचेही तेच. दिवसा तिथे सोन्याचांदीची उलाढाल चालते. रात्री आठ-नऊच्या सुमारास दुकानांची दारे ओढली जातात आणि त्याच ओट्यांसमोर कढया चढतात. सराफांनी हे होऊ दिले याचे कारण असे सांगतात, की मध्यरात्रीपर्यंत माणसांचा राबता राहिला म्हणजे बंद दुकानांची राखण आपोआप होते. आम्ही तिथे गेलो तो जानेवारीची थंडी होती. गराडू नावाचा, आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद तळून, त्यावर जिरावन आणि लिंबू टाकून द्रोणातून दिला जातो. तो थंडीतच मिळतो आणि थंडीतच खावा. भुट्ट्याचा कीस, म्हणजे मक्याचे कणीस किसून दुधात शिजवलेला तो मऊ, तिखटगोड पदार्थ, आम्ही दोनदा घेतला. शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत अशी आमची समजूत होती. इथली शिकंजी दुधाची, घट्ट आणि केशरी निघाली.

पण सराफ्यातील खरी गंमत पुढेच होती. शास्त्रीजींनी सांगितलेल्या एका टोपल्यासमोर आम्ही जाऊन उभे राहिलो तो काय, साबुदाण्याची खिचडी! वाफेवरची, वर फराळी चिवडा भुरभुरलेली. आमच्यापुढे उभा असलेला एक तरुण आपल्या पाहुण्याला समजावीत होता, की हा इंदौरचा खास पदार्थ आहे, दुसरीकडे असा मिळायचा नाही. प्रथम आम्हाला हसू आले. जिला आमच्या आजीने एकादशीखेरीज चुलीवर चढू दिले नाही, ती ही आमची खिचडी! मग मात्र ते हसू मावळले. पोहे मराठी माणसांबरोबर माळव्यात आले असे म्हणतात, आणि खिचडीची वाटही तीच असावी. म्हणजे आमचे पदार्थ केव्हाच वेस ओलांडून शहरात मिसळले, लोकांच्या जिभेवर रुळले, त्यांचे झाले. वेशीच्या आत राहिलो होतो ते आम्हीच.

हा अनुभव जिभेपुरता राहिला असता तरी चालले असते. चित्रकलेच्या शिक्षकांनी तो आणखी पुढे नेला. एक दिवस ते म्हणाले, “सर, देवळालीकर कला वीथिकेत प्रदर्शन आहे. तुमच्याच माणसाच्या नावाचे दालन आहे, तुम्ही पाहिले असेलच.” आम्ही पाहिले नव्हते. दत्तात्रय देवळालीकरांनी १९२७ साली या शहरात चित्रकलेची शाळा सुरू केली, बेंद्रे तिथे शिकले, हुसेन तिथे शिकले, विष्णू चिंचाळकर तिथे घडले, हे सारे आम्हाला एका हिंदीभाषक शिक्षकाने, खडूने माखलेली बोटे नाचवीत सांगितले. उर्दूच्या बाईंनी उस्ताद अमीर खाँ साहेबांच्या मारव्याची शिफारस केली. आमच्या घरी संगीत म्हणजे कुमार गंधर्व. १९४८ साली ते आजारपणामुळे हवापालटासाठी देवासला आले आणि तिथलेच झाले. देवास आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर, त्यामुळे कुमारजींना घरचेच मानण्याची आमच्याकडे रीत होती. अमीर खाँ साहेबांची जडणघडण आमच्याच शहरात झाली, त्यांचे वडील होळकर दरबारात वादक होते, हे आम्ही कुठेतरी वाचले होते, पण तो मारवा ऐकण्याची निकड कधी भासली नव्हती. बाईंनी सांगितल्याप्रमाणे दिवेलागणीच्या वेळी ऐकला. संपल्यावर बराच वेळ आम्ही दिवा लावायला उठलो नाही. दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी काही विचारले नाही. नुसत्या हसल्या. बहुधा त्यांनाही असेच झाले असावे.

येथवरचे सारे हलकेफुलके. आता त्या ऋणाविषयी.

इंदुरात अनंत चतुर्दशीच्या रात्री झाँक्या निघतात. गिरणी कामगारांनी चालू केलेली ही सुमारे शंभर वर्षांची प्रथा. प्रत्येक गिरणीचा गणपती आणि त्याच्या पुढेमागे दिव्यांनी लखलखणारे चित्ररथ. रथांवर पुराणातील आणि चालू काळातील देखावे, त्यांतील पुतळे हलणारे, हात उचलणारे, मान वळवणारे. सोबत लाठ्याकाठ्या फिरवणारे आखाडे. सायंकाळी निघालेली मिरवणूक जेल रोडवरून, राजवाड्यावरून फिरत पहाट करते. खेड्यापाड्यांतून माणसे येतात आणि रात्रभर रस्त्याच्या कडेला बसून राहतात. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, इतरही एकामागून एक बंद पडल्या. तरीही गिरण्यांच्या नावाच्या झाँक्या दर वर्षी निघत राहिल्या. भोंगा वाजायचा थांबला, पगार थांबला, पण वर्गणी गोळा करून, मदत मागून, जुने कामगार रथ बांधतच राहिले.

जेल रोड आमच्या रामबागेपासून फार दूर नाही. लहानपणी त्या रात्री ढोलांचा आवाज आमच्या माजघरापर्यंत येई. आमच्याकडचा गणपती दुपारीच विसर्जन होऊन गेलेला असे. वाटली डाळ खाऊन झालेली असे. रिकाम्या मखराकडे पाहत आम्ही भावंडे पडलेली असू. कोणी जायचे म्हटले, तर वडील म्हणत, “ती गर्दी आपल्यासाठी नव्हे,” आणि उठून खिडकी लावून घेत.

बडे बाबूंनी आम्हाला झाँकीची शिफारस प्रथम केली ती २०१८ सालीच. ते म्हणाले, की त्यांचे वडील जेल रोडवर एका ओळखीच्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसतात, शेजारी आणखी एक खुर्ची ठेवता येईल, सरांनी एकदा यावे. आम्ही म्हणालो, “जाऊ कधीतरी. यंदा घरी पाहुणे आहेत.” पाहुणे खरेच होते, पण ते रात्री नऊलाच झोपले. २०१९ साली बाबूंनी पुन्हा विचारले. वडील म्हणतात, सरांना सारे नीट समजावून सांगेन, त्यांना आवडेल. आम्ही त्या वर्षी पावसाचे निमित्त सांगितले. बाबूंनी आग्रह केला नाही. बिनशिक्क्याच्या शिफारशीचा हाच दोष आहे. ती नाकारताना नाकारणाऱ्याला काही वाटत नाही, कारण कागदावर काहीच उमटत नाही.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी महामारीमुळे मिरवणूक निघालीच नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात शहरावर काय ओढवले ते वाचकांना सांगायला नको, प्रत्येक गावाने ते पाहिले आहे. त्या उन्हाळ्यात बाबूंचे वडील गेले. आम्ही फोनवर चार शब्द बोललो. भेटायला जाण्याची तेव्हा सोय नव्हती.

२०२२ साली झाँक्या पुन्हा निघणार असे जाहीर झाले. शिक्षकांच्या खोलीत त्याचीच चर्चा. बाबू मात्र पगारपत्रकांत डोके घालून बसलेले. आम्हाला चुकल्यासारखे वाटले. शेवटी आम्हीच म्हटले, “बाबूजी, यंदा आम्हाला बोलावणार नाही?” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सर, दाखवणारे तर गेले.”

मग त्यांनी जे सांगितले ते आधी कधी सांगितले नव्हते. आम्हीही कधी विचारले नव्हते. वडील एका गिरणीत साचेखात्यात होते. कोणत्या, ते सांगण्याचे येथे कारण नाही. झाँकीच्या पुतळ्यांना हालचाल देण्याचे काम त्यांच्याकडे असे. मोडक्या साच्यांचे दांडे, सायकलची साखळी, लाकडी चाके यांतून ते हत्तीची सोंड हलवीत, रामाच्या हातून धनुष्य उचलवीत. वाटेत मोटार बंद पडली, तर हाताने चाक फिरवायला रथाच्या आत, फळ्यांच्या खाली, एक माणूस बसवलेला असे. तो माणूस तेच. वीस-बावीस वर्षे त्यांनी ती मिरवणूक आतून ऐकली. आपला हत्ती समोरून कसा दिसतो, लोक त्याच्याकडे कसे पाहतात, हे त्यांना कधी पाहायला मिळाले नाही. गिरणी बंद पडली, अंगातली ताकद गेली, तेव्हा त्यांनी रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकली. तेव्हापासून दर वर्षी, इतरांनी बांधलेल्या झाँक्या ते समोरून पाहत आणि शेजारी जो बसेल त्याला सांगत, की ही मान अशी का वळते, ती पापणी कशाने मिटते.

आमच्यासाठी दोन वर्षे रिकामी ठेवलेली खुर्ची ती होती. आम्हाला वाटले होते, बाबू आम्हाला एक गर्दी पाहायला बोलावीत आहेत. ते आपल्या वडिलांना एक ऐकणारा देत होते.

“तर मग बाबूजी,” आम्ही म्हणालो, “आता तुम्ही दाखवा.”

९ सप्टेंबर २०२२ ची ती रात्र. दुपारी घरचा गणपती विसर्जन झाला. रात्री निघताना सौभाग्यवतींनी वाटल्या डाळीचा डबा हाती दिला. म्हणाल्या, कोणाच्या घरी प्रथम जाता आहात, रिकाम्या हाताने जाऊ नका. रस्त्याच्या कडेला टाकलेल्या खुर्चीला त्या घर म्हणाल्या, हे आम्हाला तेव्हा थोडे विनोदी वाटले होते. तिथे पोहोचलो आणि पटले. दोन खुर्च्या होत्या. एकीवर बाबूंच्या मातोश्री डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. दुसरीवर बाबूंनी आम्हाला बसवले आणि स्वतः पायरीवर बसले. आम्ही संकोचलो, तेव्हा मातोश्री म्हणाल्या, “बैठो बेटा, तुम्हारे ही नाम की है.” पन्नाशी उलटलेल्या मुख्याध्यापकाला बेटा म्हणणारे माणूस आता शोधून सापडत नाही.

पहाटेपर्यंत आम्ही तिथे होतो. आखाडे गेले, दिव्यांच्या कमानी गेल्या, मग एकामागून एक रथ. बाबू पायरीवरून सांगत होते. काही वेळाने लक्षात आले, की ते फार थोडे सांगत आहेत आणि जास्त मातोश्रीच सांगत आहेत. कोणत्या वर्षी कोणत्या गिरणीने लंकादहन केले, कोणत्या वर्षी साखळी तुटली आणि ह्यांच्या तळव्याला फोड आले, सारे त्यांना तोंडपाठ. त्यांनीही त्या काळात ती मिरवणूक समोरून पाहिलेली, कडेवर मूल घेऊन. घरी आल्यावर त्याच पतीला सांगत असत, की आज तुमचा हत्ती कसा दिसला. वेळ मध्यरात्रीची होती, ढोल कानठळ्या बसवीत होते, आणि आम्ही एका वृद्ध बाईच्या तोंडाजवळ कान नेऊन आमच्याच गावाचा इतिहास ऐकत होतो. तोच आवाज, जो खिडकी लावून आम्ही बाहेर ठेवला होता.

डबा उघडला तेव्हा दोन वाजून गेले असावेत. वाटली डाळ त्यांनी कधी पाहिली नव्हती. भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचा हा साधा पदार्थ, विसर्जनाचा प्रसाद म्हणून आमच्याकडे होतो, असे आम्ही सांगितले. मातोश्रींनी चिमूटभर घेतली, मग मूठभर घेतली, आणि उरलेली शेजारी बसलेल्या अनोळखी मंडळींना वाटून टाकली. आम्हाला तिसरा घास मिळाला नाही.

पुढे २०२३ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिलच्या कामगारांची थकलेली देणी चुकती करण्यासाठी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश दिला गेला, तेव्हा वृत्तपत्रांत छायाचित्रे आली. मिल बंद पडून बत्तीस वर्षे झाली होती. घेणाऱ्यांत कामगारांपेक्षा वारसच पुष्कळ असावेत. ते छायाचित्र पाहताना आमच्या मनात एकच विचार आला. पैशाचे देणे उशिरा का होईना चुकते होऊ शकते, वारसाला देता येते. पण एखाद्या वृद्धाशेजारी दोन तास बसण्याचे देणे त्याच्या माघारी कोणाला द्यायचे? आम्ही बाबूंपाशी ते देण्याचा प्रयत्न केला. ते घेतले गेले, हा त्यांचा मोठेपणा.

त्या रात्रीनंतरच्या सोमवारी शिक्षकांच्या खोलीत एक छोटी गोष्ट घडली. विज्ञानाच्या शिक्षिकेने बाबूंना विचारले, की यंदा झाँकी कशी झाली. बाबूंनी झाँकीविषयी दोन वाक्ये सांगितली आणि मग सर्वांना उद्देशून म्हणाले, “आणि सरांच्या घरची ती डाळ. एक बार खाके देखिए.” सगळ्यांनी आमच्याकडे पाहिले. इतक्या वर्षांच्या नोकरीत आम्ही कधी कोणाला आमच्या घरातील, आमच्या इंदुरातील एकही गोष्ट सुचवली नव्हती. लोकांना यात काय गोडी, असे आम्ही परस्पर ठरवून टाकले होते. साबुदाण्याच्या खिचडीने सराफ्यात हा प्रश्न केव्हाच सोडवला होता, आम्हाला मात्र तो सुचायला एवढी वर्षे लागली.

आता दर वर्षी अनंत चतुर्दशीला आमच्याकडे डाळ चौपट भिजते. एक वाटा शाळेसाठी, एक जेल रोडवरच्या त्या खुर्चीसाठी. साहित्य सभेत एखादे चांगले व्याख्यान असले, की आम्ही चहाच्या वेळी सहज सांगतो. शास्त्रीजी एकदा येऊन गेले. “मराठी निम्मी कळली,” ते म्हणाले, “पण जी कळली ती संस्कृत होती, म्हणजे आमचीच.” आम्ही वाद घातला नाही.

गेल्या जुलैत शाळेत एक नवे शिक्षक रुजू झाले आहेत, रीव्याकडचे. मंडळींनी त्यांच्यापुढे शहराची यादी मांडली. ते सगळ्यांना नम्रपणे म्हणाले, “जरूर, कभी जाएँगे.” जाऊ कधीतरी! आम्ही चहाचा पेला खाली ठेवला आणि त्यांना विचारले, “कधी? वार सांगा. आम्ही बरोबर येतो.”